धावणाऱ्या पोराला चिंता नसते का? कोरोनाकाळातली शारीरिक हालचाल आणि चिंता: आराखडा लिहिण्याआधी एवढं वाचा



पेट झाली, मार्गदर्शक मिळाले, आता विषय ठरवायचा आहे. या टप्प्यावर असलेल्या अनेकांच्या वहीत एक शीर्षक हमखास सापडतं: "कोविड-१९ महामारीच्या काळातील जळगाव व धुळे जिल्ह्यांतील युवकांची शारीरिक हालचाल आणि चिंता यांचा तुलनात्मक अभ्यास". शारीरिक शिक्षण असो, मानसशास्त्र असो की समाजकार्य, कुठल्याही विभागात चालेल असा विषय. दिसायलाही सोपा. दोन प्रश्नावल्या घ्यायच्या, गुगल फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवायचा, सहसंबंध काढायचा, "व्यायाम करणाऱ्या युवकांत चिंता कमी आढळली" असं लिहायचं आणि शेवटच्या प्रकरणात शिफारस करायची: युवकांनी रोज व्यायाम करावा.

शिफारस वाईट नाही. पण ती कोणाला केली जातेय ते बघा. भरतीसाठी पहाटे पाचला धावणारा पोरगा, होस्टेल बंद झाल्यावर घरी येऊन दोन वर्षं घरकामात अडकलेली मुलगी, वडिलांसोबत कपाशीच्या शेतात राबणारा बीएस्सीचा विद्यार्थी, अशा सगळ्यांना आपण एकाच दमात "हालचाल वाढवा" सांगतोय. यातला प्रत्येक जण हालचाल करतच होता. तरी चिंता होती. तुमच्या अभ्यासाला हे दिसलं नाही, तर तो अभ्यास या मुलांबद्दल काहीतरी चुकीचं सांगून जाईल, आणि तेच पुढे संदर्भ म्हणून वापरलं जाईल. म्हणून हा लेख. विषय हाच ठेवू आणि एकेक पायरी नीट बघू.

१. आधी काळाची पट्टी आखा

"महामारीचा काळ" हा एकसलग काळ नव्हता. आराखड्यात पहिलं काम म्हणजे तारखांचा तक्ता करणं. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ला महामारी म्हटलं. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन. मे महिन्यात राज्य सरकारने नव्याने लाल क्षेत्रं ठरवली, ती २२ मेपासून लागू झाली. त्या यादीत मुंबई महानगर प्रदेश, पुणे, सोलापूर, औरंगाबाद, मालेगाव, नाशिक, अकोला, अमरावती यांच्या जोडीला जळगाव आणि धुळे या दोन्ही महानगरपालिका होत्या. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

३ जूनपासून "मिशन बिगिन अगेन" सुरू झालं. त्यात पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत मोकळ्या जागेत चालणं, धावणं, सायकल चालवणं याला परवानगी मिळाली. म्हणजे कागदावर तरी मैदान उघडलं. पण त्याच जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातला कोरोना रुग्णांचा मृत्युदर देशभर चर्चेचा विषय झाला होता, आणि जुलैमध्ये जळगाव, भुसावळ, अमळनेर या शहरांत पुन्हा आठवडाभर कडक लॉकडाऊन लागला. व्यायामशाळा तर थेट दसऱ्याला, २५ ऑक्टोबर २०२० रोजी उघडल्या. नंतर एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आणि "ब्रेक द चेन"चे निर्बंध.

याच पट्टीच्या खाली चिंतेची दुसरी पट्टी आखा. ६ जुलै २०२० ला विद्यापीठ अनुदान आयोगाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायलाच हव्यात असं सांगितलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २८ ऑगस्टला निकाल आला, आणि आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाल्या. परीक्षा होणार की नाही, झाली तर कशी, मोबाइलला रेंज मिळेल का, हे सगळं त्या मधल्या महिन्यांत लटकत होतं. एमपीएससीची राज्यसेवा पूर्वपरीक्षा एप्रिल २०२० मध्ये व्हायची होती, ती पुढे पुढे जात २१ मार्च २०२१ ला झाली. सैन्यभरती थांबली ती जवळपास दोन वर्षं. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा दोन वर्षं भरती झालेली नाही, या कारणासाठी सरकारने त्या वर्षापुरती वयाची कमाल मर्यादा २१ वरून २३ केली. खान्देशातल्या कुठल्याही गावात भरतीची तयारी करणारी पोरं आहेत. वय सरकत जाणं म्हणजे काय, हे त्यांना विचारा.

आता सांगा, तुमची माहिती यातल्या कुठल्या महिन्याची आहे? मे २०२० मधली आणि नोव्हेंबर २०२० मधली उत्तरं एकाच टोपलीत टाकली, तर दोन वेगळे काळ मिसळले जातात. शिवाय आपल्याकडे आणखी एक अडचण आहे: ऊन. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो. साध्या वर्षातसुद्धा त्या दिवसांत दुपारी कोणी बाहेर फिरत नाही. त्यामुळे "जानेवारीपेक्षा मे महिन्यात हालचाल घटली" एवढ्यावरून दोष लॉकडाऊनला देता येत नाही. जूनमध्ये पेरण्या सुरू झाल्या की शेतकरी घरातल्या मुलांची हालचाल आपोआप वाढते. ऋतू हा तुमच्या अभ्यासातला एक चल आहे, तो लिहून ठेवा.

२. हालचाल: नक्की काय मोजताय?

शारीरिक हालचाल आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्नायूंच्या जोरावर होणारी आणि ऊर्जा खर्च करणारी कुठलीही कृती म्हणजे हालचाल. ठरवून, नियमित, तब्येतीसाठी केलेली हालचाल म्हणजे व्यायाम. आपल्याकडच्या बऱ्याच अभ्यासांत शीर्षकात पहिला शब्द असतो आणि प्रश्न मात्र दुसऱ्याबद्दल विचारलेले असतात.

हा फरक आपल्या भागात किती मोठा आहे ते बघा. आयसीएमआर-इंडियाब या पाहणीचे शारीरिक हालचालींबद्दलचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. त्यात महाराष्ट्रही होता. सुमारे १४,००० लोकांपैकी निम्म्याहून जास्त, ५४.४ टक्के लोक निष्क्रिय गटात आले. आणि करमणूक किंवा खेळ म्हणून हालचाल करणारे होते १० टक्क्यांहूनही कमी. म्हणजे जे हलतात ते बहुतेक कामासाठी किंवा कामावर जाण्यासाठी हलतात. फक्त "तुम्ही व्यायाम करता का?" विचारलंत, तर हे सगळे लोक तुमच्या तक्त्यात "आळशी" म्हणून नोंदले जाणार.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे आयपॅक, तिचं छोटं रूप ७ प्रश्नांचं. गेल्या ७ दिवसांत जोरदार हालचाल, मध्यम हालचाल आणि चालणं किती दिवस, किती मिनिटं केलं आणि बसून किती वेळ गेला, हे ती विचारते. मग प्रत्येक प्रकाराला एक वजन असतं, त्याला मेट म्हणतात. शांत बसलेल्या माणसाचा ऊर्जाखर्च म्हणजे १ मेट. चालण्याला ३.३, मध्यम हालचालीला ४ आणि जोरदार हालचालीला ८.

एक उदाहरण करून बघू. समजा, अमळनेर तालुक्यातला एक मुलगा आठवड्यात ५ दिवस रोज ३० मिनिटं चालला, ४ दिवस रोज ६० मिनिटं शेतात मध्यम कष्टाचं काम केलं आणि ६ दिवस रोज ४० मिनिटं धावला.

चालणं: ३.३ × ३० × ५ = ४९५
शेतकाम: ४ × ६० × ४ = ९६०
धावणं: ८ × ४० × ६ = १,९२०
एकूण: ३,३७५ मेट-मिनिटं.

जोरदार हालचाल किमान ३ दिवस आणि एकूण किमान १,५०० मेट-मिनिटं, या कसोटीवर तो "उच्च" गटात बसतो. हिशोब सोपा आहे. अवघड आहे ते या एका आकड्यात काय काय दडलंय ते ओळखणं. ३,३७५ मध्ये शेतातला घामही आहे आणि मैदानावरचाही. मनावर दोघांचा परिणाम सारखा असेल का? हालचाल कुठल्या कारणासाठी होते यावरून मानसिक आरोग्याशी तिचा संबंध बदलतो, हे २०१७ मधल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. फावल्या वेळातल्या हालचालीचा संबंध चांगल्या मानसिक आरोग्याशी होता, कामाच्या ठिकाणच्या हालचालीचा नव्हता, उलट तिथे त्रासाशी संबंध दिसला. म्हणून खान्देशात काम करायचं तर मी जीपॅक सुचवीन. जागतिक आरोग्य संघटनेची ही १६ प्रश्नांची प्रश्नावली काम, प्रवास आणि फावला वेळ हे वेगवेगळे विचारते, आणि "काम" या शब्दात बिनपगारी घरकामही धरते.

घरकामाचं मुद्दाम सांगतो. पाणी भरणं, धुणं, झाडलोट, आजारी माणसाची उठबस, हे करणारी मुलगी "तुम्ही मध्यम हालचाल किती करता?" या प्रश्नाला "काहीच नाही" असं उत्तर देते, कारण ती त्याला हालचाल समजतच नाही. प्रश्नातली उदाहरणं आपल्याकडची घाला: कपाशी वेचणं, केळीचे घड वाहणं, हंडे भरून आणणं. उदाहरणं स्थानिक करायला या प्रश्नावल्यांची परवानगी असते. प्रश्नाचा गाभा आणि कालावधी मात्र बदलायचा नाही.

आणखी तीन बारीक पण महत्त्वाच्या गोष्टी:

- आयपॅक १५ ते ६९ वयासाठी आहे. आठवीतल्या मुलांना ती देऊ नका.
- आयपॅकमध्ये सलग किमान १० मिनिटांची हालचालच धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ही १० मिनिटांची अट काढून टाकली. प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं, असा तो सल्ला आहे. तुमची प्रश्नावली एक नियम पाळते आणि निष्कर्ष दुसऱ्या नियमावर तपासला जातो, असं होऊ देऊ नका.
- "गेले ७ दिवस" म्हणजे गेले ७ दिवसच. आज बसून "एप्रिल २०२० मध्ये आठवड्याला किती मिनिटं चालायचात?" असं विचारलं, तर जे उत्तर येईल ती आठवण असेल, मोजमाप नव्हे.

आठवणीवर न विसंबता मोजलं की काय दिसतं याचं एक उदाहरण देतो. २०२० मध्ये एका ॲपच्या साडेचार लाखांहून जास्त वापरकर्त्यांची पावलं तपासली गेली. महामारी जाहीर झाल्यावर १० दिवसांत पावलं ५.५ टक्के घटली, ३० दिवसांत २७.३ टक्के. ठोस आकडा आहे. पण तो स्मार्टफोनवर आरोग्याचं ॲप ठेवणाऱ्यांचा आहे. साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाच्या पाड्यावरचा मुलगा त्यात नाही.

३. चिंता: भीती, काळजी की आजार?

आपल्याकडे "मला टेन्शन आहे", "धाकधूक होते", अहिराणीत "जीव घाबरस" असं म्हणतात. या सगळ्याला प्रश्नावलीत एकच नाव मिळतं. म्हणून तुम्ही कुठली चिंता मोजताय हे आधी ठरवा. स्पीलबर्गर यांच्या चाचणीत दोन भाग असतात. या क्षणी वाटणारी चिंता एका भागात, स्वभावातच असलेली चिंता दुसऱ्यात, प्रत्येकी २० विधानं. महामारीचा परिणाम बघायचा असेल तर पहिला भाग महत्त्वाचा. फक्त दुसरा वापरून "कोरोनामुळे चिंता वाढली" असं म्हणता येत नाही.

इथे एका सापळ्याबद्दल सावध करतो. "स्कॅट" या नावाने दोन वेगळ्या चाचण्या आपल्या ग्रंथालयांत सापडतात. एक मार्टेन्स यांची, खेळाच्या स्पर्धेआधी येणाऱ्या चिंतेची. दुसरी सिन्हा यांची, ९० प्रश्नांची, सर्वसाधारण चिंतेची. जुन्या प्रबंधाचा संदर्भ घेताना कुठली वापरली आहे ते बघूनच पुढे जा.

सध्या सर्वात प्रचलित आहे ती जीएडी-७. २००६ साली स्पिट्झर आणि सहकाऱ्यांनी ती तयार केली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ७ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २१. ५ च्या पुढे सौम्य, १० च्या पुढे मध्यम, १५ च्या पुढे तीव्र. ती मोफत आहे, परवानगी लागत नाही, आणि भारतीय भाषांतले अनुवादही उपलब्ध आहेत. स्वतः भाषांतर करायला बसण्याआधी ते शोधा. करावंच लागलं, तर एकाने मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही ताडून बघायचं. त्यानंतर २०-३० मुलांवर चाचणी घ्यायची आणि प्रश्न त्यांना कसा कळला ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं.

आता गंमत बघा. जीएडी-७ मधला शेवटचा प्रश्न साधारण असा आहे: काहीतरी भयंकर घडेल अशी भीती वाटते का? जून २०२० मध्ये, घरात आजोबा तापाने फणफणलेले असताना, जळगावच्या मुलाने याला "रोज" असं उत्तर दिलं, तर तो आजार आहे की डोकं ठिकाणावर असल्याचं लक्षण? आणखी एक प्रश्न अस्वस्थपणामुळे एका जागी बसवत नाही का, असा आहे. ज्याला पोलीस चौकातून परत पाठवतात त्या पोराला हेच वाटणार. म्हणून कोविडची भीती वेगळी मोजणारी ७ प्रश्नांची मापनश्रेणीही २०२० मध्ये आली. दोन्ही सोबत वापरल्या तर भीती आणि चिंता थोडी तरी वेगळी करता येते.

दुसरी गोष्ट, १० गुण म्हणजे निदान नव्हे. मूळ अभ्यासात १० या सीमेवर संवेदनशीलता ८९ टक्के आणि विशिष्टता ८२ टक्के होती. म्हणजे आजार असलेल्या १०० पैकी ८९ जण पकडले जातात आणि नसलेल्या १०० पैकी १८ जण उगाच पकडले जातात. समजा, १,००० मुलांपैकी खरोखर ५० जणांना चिंताविकार आहे. त्यातले सुमारे ४५ तुमच्या चाळणीत येतील. उरलेल्या ९५० मधले १७१ जण चुकून येतील. एकूण २१६ जणांना १० च्या वर गुण, त्यांत खरे आजारी ४५, म्हणजे पाचातला एक. आता "खान्देशातील २१.६ टक्के युवक चिंताविकाराने ग्रस्त" अशी बातमी छापून आली तर? तक्ता बरोबर, वाक्य खोटं. नेहमी लिहा: "इतक्या टक्के युवकांत चिंतेची लक्षणं १० गुणांच्या वर आढळली."

जगभरचे आकडेही असेच वाचायचे. २०२१ मध्ये २९ अभ्यास आणि ८०,००० हून अधिक मुलांचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यात २०.५ टक्के मुलांत चिंतेची लक्षणीय लक्षणं दिसली. महामारीआधीचा अंदाज ११.६ टक्के होता. त्याच वर्षी लॅन्सेटमधल्या अभ्यासाने २०२० मध्ये जगात चिंताविकारांत २५.६ टक्के वाढ झाल्याचा अंदाज दिला, तरुण आणि स्त्रियांमध्ये ती जास्त होती. पण ज्या देशांत पाहण्या नव्हत्या त्यांचे आकडे संसर्गाचा वेग आणि लोकांची घटलेली ये-जा यांवरून गणिताने काढलेले आहेत. आपल्याकडे तर आधीचाच आकडा नाही. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. "वाढली" हा शब्द लिहिण्याआधी "कशापेक्षा?" हा प्रश्न स्वतःला विचारा.

४. संबंध सापडला. आता?

समजा, तुम्हाला हालचाल आणि चिंता यांत उणे ०.२० सहसंबंध मिळाला. एक वाढली की दुसरी कमी. या आकड्याचा वर्ग करा: ०.०४. म्हणजे मुलामुलांच्या चिंतेत जो फरक आहे त्यातला फक्त ४ टक्के भाग हालचालीशी जोडता येतो. बाकीचे ९६ टक्के दुसरीकडे आहेत. आणि १,००० जणांचा नमुना असेल तर ०.०७ इतका किरकोळ सहसंबंधही "सार्थ" ठरतो. सार्थ म्हणजे मोठा नव्हे, शून्यापासून वेगळा काढता आला इतकंच.

मग या संबंधाचे किमान चार अर्थ निघतात:

- हालचालीमुळे चिंता कमी झाली. याला आधार आहे. २०१९ मधल्या एका विश्लेषणात वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या सुमारे ७६,००० लोकांत जास्त हालचाल करणाऱ्यांना पुढे चिंताविकार होण्याची शक्यता सुमारे एक चतुर्थांशाने कमी दिसली. मार्गही समजण्यासारखे आहेत: झोप सुधारते, चार माणसं भेटतात, आणि धावताना छाती धडधडते, दम लागतो तरी काही होत नाही, हे शरीराला कळतं. घाबरल्यावर होणारी तीच धडधड मग कमी भिववते.
- चिंतेमुळे हालचाल कमी झाली. ज्याला संसर्गाची धास्ती आहे तो ५ ते ७ ची परवानगी असूनही घराबाहेर पडत नाही. बाण उलटा.
- तिसरंच काहीतरी दोन्हीमागे आहे. घरात कोणी दगावलं, वडिलांचं काम गेलं, दोन खोल्यांत सात माणसं. यात हालचालही घटते आणि चिंताही वाढते.
- फॉर्म भरणारेच वेगळे होते. अति चिंतेत असलेला आणि दिवसभर राबणारा, दोघेही तुमची लिंक उघडत नाहीत.

एकाच वेळी घेतलेल्या माहितीवरून यातला कुठला अर्थ खरा, ते ठरत नाही. त्याच मुलांना तीन-चार महिन्यांनी पुन्हा विचारलं, तर आधी काय बदललं ते थोडं दिसतं. आराखड्यात दुसरी फेरी बसवता येत असेल तर जरूर बसवा, नमुना लहान झाला तरी चालेल. विश्लेषणात आर्थिक स्थिती, घरातलं आजारपण, लिंग यांचा परिणाम वेगळा काढा. पण झोपेचा काढताना थांबा. हालचालीमुळे झोप सुधारते आणि झोपेमुळे चिंता कमी होते, हाच मार्ग तुम्हाला बघायचा असेल, तर झोप वेगळी काढून तुम्ही तोच मार्ग पुसता.

भरतीचा पोरगा इथे परत आठवा. १,६०० मीटर धावायचं, सेकंदासेकंदाचा हिशोब ठेवायचा आणि भरती निघणारच नाही. त्याची हालचाल उच्च, चिंताही उच्च. पाड्या-वस्त्यांवर असे शंभर जण तुमच्या नमुन्यात आले तर सरासरीतला उणे सहसंबंध पुसलाही जाईल, आणि तुम्हाला वाटेल की प्रश्नावली चुकली. प्रश्नावली बरोबर आहे. तो कशासाठी धावतो, हे तुम्ही विचारलं नाही.

५. जळगाव आणि धुळे: तुलना कशासाठी?

"दोन जिल्हे जवळ आहेत म्हणून" हे तुलनेचं कारण होत नाही. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४२ लाखांवर, धुळ्याची साडेवीस लाख. जळगावात १५ तालुके, धुळ्यात ४. अनुसूचित जमातींचं प्रमाण जळगावात सुमारे १४ टक्के, धुळ्यात ३१ टक्क्यांच्या वर. धुळ्यात चिंता जास्त किंवा कमी आली तर ती जिल्ह्यामुळे की या फरकांमुळे?

माझ्या मते जास्त चांगली तुलना जिल्ह्यांच्या आत आहे. लाल क्षेत्रात दोन्ही महानगरपालिका होत्या, बाकीचे तालुके नव्हते. म्हणजे एकाच विद्यापीठाचे, एकाच परीक्षेची वाट बघणारे विद्यार्थी, पण काही जळगाव शहरात जास्त निर्बंधांखाली आणि काही चोपडा, यावल, शिंदखेड्याकडे कमी निर्बंधांखाली. परीक्षेची चिंता दोन्हीकडे सारखी, हालचालीची मोकळीक वेगळी. पूर्ण निर्दोष हीसुद्धा नाही, कारण शहरात रुग्ण जास्त होते म्हणूनच ते लाल क्षेत्र झालं, म्हणजे भीतीही जास्त. पण भीती वेगळी मोजली असेल तर हा दोष बराच आटोक्यात येतो. निर्बंधांची सीमारेषा ही एक आयती संधी असते. ज्याने तेव्हा माहिती गोळा करून ठेवली असेल त्याने तालुक्याची नोंद पुन्हा उघडून बघावी.

६. ३८४ ची जादू आणि गुगल फॉर्म

नमुना किती? सगळ्यांचं उत्तर ३८४. हा आकडा कुठून आला ते विचारलं की शांतता. मोठ्या लोकसंख्येतलं एखादं प्रमाण ५ टक्के कमी-जास्त चुकीच्या मर्यादेत आणि ९५ टक्के खात्रीने काढायचं असेल तर ३८४ लागतात, आणि तेही चिठ्ठ्या टाकून निवड केली असेल तर. सहसंबंधासाठी हिशोब वेगळा आहे: ०.२० चा सहसंबंध ८० टक्के शक्यतेने पकडायला २०० च्या आसपास पुरतात. आणि व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या फॉर्मला ३८४ आले काय किंवा ३,८४० आले काय, ती चिठ्ठी होत नाही. ज्याच्याकडे फोन आहे, डेटा आहे आणि जो तुमच्या ग्रुपमध्ये आहे, तोच येतो.

उपाय महागडे नाहीत. महाविद्यालयांच्या यादीतून काही महाविद्यालयं चिठ्ठीने निवडा: शहरी, तालुक्याची, आदिवासी भागातली. हजेरीपटावरून मुलं निवडा. फोन नसलेल्यांकडे कागद घेऊन जा. किती जणांना विचारलं, किती जणांनी नाही म्हटलं, हे लिहा. आणि "युवक" म्हणजे कोण ते पहिल्याच प्रकरणात ठरवा: संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबात १५ ते २४, आपल्या २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात १५ ते २९.

७. समोरचा माणूस

१८ वर्षांखालचे असतील तर पालकांची संमती हवी, आणि १२ वर्षांवरच्या मुलांची स्वतःची लेखी तयारीही हवी. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे. वर्गात सरांनी "सगळ्यांनी भरा" म्हटलं, ही संमती नव्हे.

आणि मुख्य म्हणजे, एखाद्याला १८ गुण आले तर तुम्ही काय करणार? हे माहिती गोळा करण्याआधी लिहून ठेवायचं. फॉर्म निनावी असेल तर तुम्ही त्या मुलापर्यंत पोचूच शकत नाही. म्हणून प्रत्येक फॉर्मच्या शेवटी, गुण काहीही असोत, मदतीचा क्रमांक द्या. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. फॉर्म निनावी नसेल तर महाविद्यालयाचा समुपदेशक किंवा जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग यांच्याशी आधी बोलून ठेवा. दुसऱ्याची चिंता मोजून तक्त्यात टाकायची आणि निघून जायचं, एवढंच आपलं काम नाही.

८. मग निष्कर्ष कसा लिहायचा?

"व्यायामामुळे चिंता कमी होते" याऐवजी असं लिहून बघा: "या महिन्यात, या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांत, फावल्या वेळातली हालचाल जास्त असणाऱ्यांचे चिंतेचे गुण थोडे कमी होते. शेतकाम आणि घरकाम यांच्याबाबत असा संबंध दिसला नाही. भरतीची तयारी करणाऱ्यांत चित्र वेगळं होतं. एकाच वेळी माहिती घेतल्याने कारण सांगता येत नाही." तुमचे निकाल वेगळे असतील, पण वाक्यांची घडण अशी ठेवा. व्हायवाला बाहेरचे परीक्षक याच जागी प्रश्न विचारतात, आणि अशा वाक्यांचं समर्थन करणं सोपं जातं.

शिफारशींचंही तसंच. "युवकांनी व्यायाम करावा" हे सांगायला पीएचडी लागत नाही. मुलींना पहाटे सुरक्षित वाटेल असं मैदान तालुक्याला आहे का, निर्बंध लावताना मोकळ्या जागेवरचं चालणं-धावणं आधी बंद व्हावं की शेवटी, परीक्षेची तारीख वेळेवर कळणं हासुद्धा मानसिक आरोग्याचा विषय आहे का, अशा गोष्टी तुमच्या माहितीतून निघत असतील तर त्या लिहा. पुढच्या वेळी जिल्हाधिकारी कार्यालयात बसून आदेश काढणाऱ्या माणसाला त्या उपयोगी पडतील.

या आठवड्यात एवढंच करा: तुमच्या शीर्षकातल्या प्रत्येक शब्दाखाली, म्हणजे काळ, युवक, हालचाल, चिंता आणि तुलना, दोन-दोन ओळी लिहा. "म्हणजे नक्की काय आणि कशाने मोजणार?" ज्या शब्दाखाली लिहिता आलं नाही, तिथून आराखड्याचं काम सुरू होतं. पुढच्या लेखात जीपॅकचा हिशोब एक्सेलमध्ये पायरीपायरीने करून बघू.